घरभर चालणारं केबल रेकॉर्डिंग कुठे अडतं आणि का

एका खोलीतल्या बॉक्सवर रेकॉर्ड झालेला कार्यक्रम घरातल्या कुठल्याही टीव्हीवर पाहता यावा, यासाठी केबल कंपन्या जी यंत्रणा देतात तिच्याबद्दलच्या ग्राहकांच्या तक्रारी ठरावीक असतात. रेकॉर्डिंग लावलं होतं, झालंच नाही. मुख्य टीव्हीवर नीट दिसतं, आतल्या खोलीत अडकतं. बघता बघता चॅनल आपोआप बदललं. चित्राचे चौकोन पडतात. यातल्या बऱ्याच तक्रारींचा शेवट बॉक्स बदलून मिळण्यात होतो. जुन्या बॉक्सबरोबर जमवलेलं सगळं रेकॉर्डिंग जातं आणि काही दिवसांनी तीच तक्रार नव्या बॉक्सवर सुरू होते, कारण दोष बॉक्सचा नव्हताच. तो वायरिंगचा होता, नाहीतर ट्यूनरच्या, म्हणजे बॉक्समध्ये एका वेळी एक चॅनल पकडणाऱ्या भागाच्या, हिशेबाचा.

रेकॉर्डिंग जातं म्हणजे कायमचं जातं. अशा बॉक्समधल्या डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्या एका बॉक्सशी बांधलेली असते. डिस्क काढून दुसऱ्या बॉक्सला किंवा संगणकाला जोडली तरी काही दिसत नाही. शिवाय प्रत्येक चॅनलबरोबर नकलेबाबतची एक खूण येते. तिचे प्रकार चार: हवी तेवढी नक्कल करा, एकदाच करा, आता आणखी करू नका, अजिबात करू नका. सशुल्क चॅनलवर बहुतेक वेळा ‘एकदाच’ची खूण असते, आणि ती एक नक्कल म्हणजेच तुमचं रेकॉर्डिंग. ते दुसऱ्या खोलीत पाहता येतं, दुसऱ्या बॉक्समध्ये हलवता येत नाही. म्हणून बॉक्स बदलणं हा सगळ्यात शेवटचा इलाज धरावा आणि आधी दोष कुठे आहे ते शोधावं.

घरातली रचना

बहुतेक ठिकाणी एक मुख्य बॉक्स असतो. ट्यूनर त्यात, हार्ड डिस्क त्यात, कार्यक्रमांचं वेळापत्रकही त्यात. बाकीच्या खोल्यांमधले छोटे बॉक्स हे फक्त पाहण्याचं साधन. अनेक छोट्या बॉक्सना स्वतःचा ट्यूनर नसतो. आतल्या खोलीत चालू प्रक्षेपण पाहतानासुद्धा मुख्य बॉक्समधला एक ट्यूनर उसना घेतलेला असतो. त्यामुळे मुख्य बॉक्स बंद पडला की घरातले सगळे टीव्ही एकदम गप्प होतात. आतल्या खोलीत रिमोटचं बटण दाबल्यावर उत्तर उशिरा येतं तेही यामुळेच. आज्ञा मुख्य बॉक्सपर्यंत जाते, तिथून चित्र परत येतं. पुढे पळवताना हवी ती जागा ओलांडून जाणं हा या प्रवासाचा परिणाम आहे, रिमोटचा दोष नाही.

बॉक्स एकमेकांशी बोलतात ते बहुधा भिंतीतल्या टीव्हीच्या केबलवरूनच. या पद्धतीचं नाव मोका. ती चालवणारी संघटना २००४ साली स्थापन झाली. टीव्हीचे सिग्नल साधारण १००२ मेगाहर्ट्‌झपर्यंत असतात. मोका त्याच केबलवर ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं, म्हणून दोघांची टक्कर होत नाही. मोकाच्या जुन्या १.१ आवृत्तीवर सेकंदाला सुमारे १७५ मेगाबिट मिळतात, २.५ वर अडीच हजारांपर्यंत. एका एचडी चित्राला १५ मेगाबिट धरले तरी पाच खोल्यांना ७५ लागतात. म्हणजे जुनं मोकासुद्धा पुरतं, फक्त वाटेत अडथळा नको. डिश अँटेनाचे सिग्नल मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतात, म्हणून डिशची तार आणि हे मोका एकाच केबलवर कधीही एकत्र करू नये.

छोटा बॉक्स वायफायवर जोडण्याचा मोह होतो. तो टाळता आला तर टाळावा. मुख्य बॉक्सकडून चित्र पाठवताना जी सुरक्षा-पद्धत वापरतात, तिची अट अशी की दोन बॉक्समधली विचारणा आणि उत्तर ७ मिलिसेकंदांत व्हायला हवं. चित्र घराबाहेर जाऊ नये म्हणून ही अट ठेवली आहे. गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर ती मोडते. मग इंटरनेट उत्तम चालत असूनही टीव्हीवर ‘मुख्य बॉक्स सापडत नाही’ असा संदेश येतो.

ट्यूनरचा हिशेब

‘रेकॉर्डिंग झालंच नाही’ आणि ‘चॅनल आपोआप बदललं’ या दोन तक्रारींचं मूळ बहुतेकदा एकच असतं. बॉक्समध्ये सहा ट्यूनर आहेत असं धरू. संध्याकाळी चार खोल्यांमध्ये चार वेगळी चॅनल चालू आहेत: चार ट्यूनर गेले. आठ वाजता तीन रेकॉर्डिंग सुरू व्हायची आहेत आणि उरले आहेत दोन. बॉक्स कुठल्या तरी एका टीव्हीवर विचारतो, ‘रेकॉर्डिंगसाठी चॅनल बदलू का?’ त्या खोलीत कुणी नसलं आणि मुदतीत उत्तर आलं नाही, तर तो स्वतः निर्णय घेतो. एकतर चॅनल बदलतं, नाहीतर यादीत सगळ्यात खाली असलेलं रेकॉर्डिंग रद्द होतं.

त्यातही एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आतल्या खोलीतला टीव्ही बंद केला म्हणून तिथला बॉक्स बंद होत नाही. टीव्हीच्या रिमोटने टीव्ही झोपतो. छोटा बॉक्स तेच चॅनल घेऊन तासन्‌तास ट्यूनर अडवून बसतो. काही बॉक्स ठरावीक तासांनी ट्यूनर सोडतात, काही सोडत नाहीत. बॉक्सच्या रिमोटने आधी बॉक्स स्टँडबायवर टाकायचा, मग टीव्ही बंद करायचा. एवढ्या सवयीनेच बरीच हुकलेली रेकॉर्डिंग परत येतात. दुसरा उपाय म्हणजे गर्दीच्या वेळी चालू प्रक्षेपणाऐवजी झालेलं रेकॉर्डिंग पाहणं, कारण रेकॉर्डिंग पाहायला ट्यूनर लागत नाही.

आता जादा मिनिटांचा गुंता. कार्यक्रम वेळेआधी सुरू होतात, उशिरा संपतात, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगला आधी दोन आणि नंतर दोन मिनिटं जोडलेली बरी वाटतात. पण एका चॅनलवर ८ ते ९ आणि दुसऱ्यावर ९ ते १० असं लावलं, तर ८:५८ ते ९:०२ ही चार मिनिटं दोन्ही ट्यूनर लागतात. असे तीन जोड नऊच्या ठोक्याला आले की सहाच्या सहा ट्यूनर अडकले, आणि त्या चार मिनिटांत कुणी टीव्ही लावायचा म्हटलं तर जागा नाही. काही बॉक्स एकाच चॅनलवरच्या लागोपाठ दोन कार्यक्रमांसाठी एकच ट्यूनर वापरतात. जुने बॉक्स तिथेही दोन अडवतात. म्हणून जादा मिनिटं सरसकट लावू नयेत. खेळांच्या थेट प्रक्षेपणाला शेवटी ३० ते ६० मिनिटं जरूर जोडावीत. मालिकांना आधी एक, नंतर एक मिनिट बस. जे चॅनल वेळ काटेकोर पाळतं, तिथे काहीच नको.

मालिकेचा ‘फक्त नवे भाग’ हा पर्याय वेळापत्रकातल्या माहितीवर चालतो. प्रत्येक भागाला एक ओळख क्रमांक आणि पहिल्या प्रक्षेपणाची तारीख असते. चॅनलने ती नीट पाठवली नाही, नुसतं ‘बातम्या’ किंवा ‘थेट सामना’ एवढंच पाठवलं, तर बॉक्सला नवं-जुनं कळत नाही. मग एकतर सगळी पुनःप्रक्षेपणं भरतात, नाहीतर काहीच होत नाही. अशा कार्यक्रमांना मालिका म्हणून लावण्यापेक्षा वार आणि वेळ ठरवून लावावं. बॉक्सच्या इतिहासात ‘का रेकॉर्ड झालं नाही’ याची नोंद बहुधा असते. कंपनीला फोन करण्याआधी ती वाचावी.

डिस्कवर किती मावतं

कंपनी ‘इतके तास’ असा आकडा सांगते तो बहुधा कमी दर्जाच्या चित्राचा असतो. हिशेब घरी करता येतो. चित्र दाबून साठवण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीचं एचडी सेकंदाला १४ मेगाबिट धरलं तर तासाला ६.३ जीबी लागतात. नव्या एच.२६४ पद्धतीत ८ मेगाबिटला ३.६ जीबी. साध्या चित्राला ३ मेगाबिटच्या हिशेबाने सव्वा ते दीड जीबी. १ टीबी डिस्कमधून आधी चालू प्रक्षेपणाचा साठा वजा करायचा. आपण थांबवून मागे जाऊ शकतो ते या साठ्यामुळे. बॉक्स प्रत्येक ट्यूनरचा तासाभराचा साठा ठेवत असेल तर सहा ट्यूनरना सुमारे ३८ जीबी लागतात. बॉक्सच्या स्वतःच्या कामाची जागा सोडून ९५० जीबी उरले असं मानलं तर जुन्या पद्धतीच्या एचडीचे दीडशे तास मावतात आणि नव्या पद्धतीचे साधारण २६० तास. ५०० जीबीच्या बॉक्समध्ये जुन्या एचडीचे सत्तरच्या आसपास.

हा साठा घरात कुणी पाहत नसतानाही लिहिला जात असतो. म्हणजे डिस्क दिवसरात्र फिरते, आणि तिचा पहिला शत्रू उष्णता. मुख्य बॉक्स बंद कपाटात किंवा दुसऱ्या तापणाऱ्या यंत्रावर ठेवू नये. वर आणि बाजूंना निदान पाच सेंटिमीटर मोकळी जागा असावी.

‘मी काढेपर्यंत ठेवा’ ही सूचना सगळ्याच रेकॉर्डिंगना लावलेली असली की डिस्क भरते आणि नवं रेकॉर्डिंग मुकाट्याने नाकारलं जातं. ही सूचना जपायच्या मोजक्या गोष्टींपुरती ठेवावी. बाकीच्यांना ‘जागा लागेल तेव्हा काढा’ लावावं, आणि रोजच्या मालिकांना ‘शेवटचे पाच भाग’ अशी मर्यादा घालावी.

चित्र फुटतं तेव्हा

दोष शोधायची सगळ्यात चांगली परीक्षा मागे जाण्याच्या बटणाने होते. चित्र फुटलं की दहा सेकंद मागे जा आणि तोच तुकडा पुन्हा पाहा. मग तोच तुकडा दुसऱ्या खोलीतही पाहा. दोन्हीकडे बरोबर त्याच जागी फुटत असेल तर रेकॉर्डिंगच फुटकं झालं आहे, म्हणजे रेकॉर्ड होत असताना केबलचा सिग्नल बिघडला होता. मुख्य टीव्हीवर स्वच्छ आणि आतल्या खोलीत फुटकं असेल तर दोष दोन बॉक्समधल्या वाटेत आहे: मोका, स्प्लिटर (एका केबलचे अनेक फाटे करणारा छोटा भाग) किंवा एखादा सैल कनेक्टर. मुख्य टीव्हीवरच दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल, तर मात्र संशय डिस्कवर किंवा बॉक्स तापण्यावर. या एका शेवटच्या प्रकारात बॉक्स बदलण्याची मागणी रास्त आहे. ही परीक्षा करून तंत्रज्ञाला सांगितली तर तो बॉक्स उघडण्याऐवजी वायरिंगकडे वळतो, आणि ग्राहकाच्या हातात याहून उपयोगी माहिती दुसरी नाही.

सिग्नल बिघडण्याचं कारण बहुधा साध्या वजाबाकीत सापडतं. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला सुमारे ३.५ डेसिबल खातो, चार तोंडांचा ७, आठ तोंडांचा ११. घरात +६ डीबीएमव्हीचा (हे सिग्नलचा जोर मोजण्याचं एकक) सिग्नल आला. पहिल्या दुतोंडी स्प्लिटरनंतर +२.५ उरला. त्यापुढे कुणी चारतोंडी जोडला: -४.५. तिथून तीस मीटर आरजी-६ केबल (घरातल्या टीव्हीची नेहमीची केबल) गेली. ही केबल १ गिगाहर्ट्‌झजवळ तेवढ्या अंतरात साडेसहा डेसिबल खाते, पण खालच्या कंप्रतेवर जेमतेम दीड. म्हणजे बॉक्सपाशी काही चॅनल -६ वर पोहोचतात, काही -११ वर. ‘ठरावीक चॅनलच फुटतात, बाकीची स्वच्छ’ या तक्रारीचं उत्तर इथे असतं. मानकाप्रमाणे -१५ ते +१५ चालतं, पण रोजच्या भरवशासाठी -८ ते +८ च्या आत असावं. सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण ३३ डेसिबलच्या वर असावं; तिशीच्या खाली गेलं की चौकोन पडणारच. हे आकडे बॉक्सच्या निदान (डायग्नोस्टिक) पडद्यावर दिसतात. तिथलाच ‘दुरुस्त न झालेल्या चुकां’चा आकडा लिहून ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. तो वाढत असेल तर दोष चालू आहे. स्थिर असेल तर जुना आहे.

सिग्नल कमी म्हणून ॲम्प्लिफायर लावण्याची घाई नको. गरज नसताना लावला तर ट्यूनरवर भार येऊन चित्र उलट जास्त फुटतं, आणि जुने ॲम्प्लिफायर १००२ मेगाहर्ट्‌झच्या वरचं काही जाऊ देत नाहीत, म्हणजे मोका तिथेच तुटतं. त्याआधी नको असलेले स्प्लिटर काढावेत. छोट्या बॉक्सना स्वतःचा ट्यूनर नसेल तर चांगल्या टीव्ही सिग्नलची गरज फक्त मुख्य बॉक्सला आणि मोडेमला असते. पहिल्या स्प्लिटरची तोंडं त्यांना द्यावीत, बाकीच्या खोल्या पुढच्या स्प्लिटरवर चालतात.

स्प्लिटरवर छापलेलं वाचावं. ‘५–१००० मेगाहर्ट्‌झ’ असेल तर तो मोकासाठी बनवलेला नाही; ‘५–१६७५’ लिहिलेला घ्यावा. दोन्हींतला फरक खरा आहे: मोकाचा सिग्नल स्प्लिटरच्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात उडी मारून जातो, आणि साधा स्प्लिटर नेमकी हीच उडी अडवायला बनवलेला असतो. न वापरलेल्या तोंडांवर ७५ ओहमची टोपी लावावी. कनेक्टर हाताने घट्ट करून मग पान्याने जरासाच आवळावा, आणि केबलची मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर बाहेर दिसते ना, हे पाहावं. ती आखूड पडली की संपर्क लागतो-सुटतो आणि दोष कधी दिसतो, कधी नाहीसा होतो. अशा येत्या-जात्या दोषावरच बॉक्स सगळ्यात जास्त वेळा बदलले जातात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा विसरला जाणारा भाग म्हणजे घरात येणाऱ्या केबलवरचा मोका फिल्टर, बोटाच्या पेराएवढा. तो पहिल्या स्प्लिटरच्या आत जाणाऱ्या तोंडावर बसतो. तो दोन कामं करतो: घरातला मोका सिग्नल बाहेर जाऊ देत नाही, आणि तो परत आत ढकलल्यामुळे खोल्याखोल्यांतला जोर वाढतो. फिल्टर नसेल आणि मोकाचा पासवर्डही लावलेला नसेल, तर शेजारच्या घरातला बॉक्स तुमच्या यादीत दिसू शकतो, आणि तुमचा त्यांच्या. मोडेम डॉक्सिस ३.१ चा (केबलवरच्या इंटरनेटच्या एका मानकाचा) असेल तर कंपनी १२१८ मेगाहर्ट्‌झपर्यंत सिग्नल वापरते का, हे विचारून मगच फिल्टर निवडावा. ती पट्टी मोकाच्या खालच्या भागावर चढते.

क्वचित पाहिल्या जाणाऱ्या चॅनलचंच रेकॉर्डिंग कोरं येत असेल, तर कारण निराळं. काही कंपन्या अशी चॅनल मागणी आल्यावरच त्या भागातल्या केबलवर सोडतात. बॉक्स उलट्या दिशेने कंपनीला मागणी पाठवतो. बॉक्सकडून कंपनीकडे जाणारी वाट खराब असली की मागणी पोहोचत नाही आणि ‘चॅनल तात्पुरतं उपलब्ध नाही’ हेच रेकॉर्ड होतं. निदान पडद्यावर बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा जोर ५० डीबीएमव्हीच्या वर सरकलेला दिसला, तर बॉक्स ओरडून बोलतो आहे आणि तरी ऐकू जात नाही असं समजावं. इथेही बॉक्स बदलून काही होत नाही.

वीज गेल्यावर

क्षणभर वीज गेली तरी चालू रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होतात, आणि बॉक्स पूर्ण उठून वेळापत्रक भरेपर्यंत मधली मिनिटं जातात. मुख्य बॉक्सला छोटा यूपीएस लावणं फायद्याचं आहे. पण घरात ॲम्प्लिफायर असेल तर त्यालाही यूपीएसवर घ्यावं, नाहीतर बॉक्स जागा राहील आणि सिग्नल नसेल.

यंत्रणा अडकल्यावर पुन्हा सुरू करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. रेकॉर्डिंग चालू नाही हे पाहावं. सगळ्या छोट्या बॉक्सची वीज काढावी, मग मुख्य बॉक्सची. एक मिनिट थांबावं. आधी फक्त मुख्य बॉक्स लावावा आणि त्यावर वेळापत्रक दिसेपर्यंत वाट पाहावी. याला पंधरा मिनिटंही लागू शकतात. मग छोटे बॉक्स एकेक करून. सगळे एकदम लावले तर छोटे बॉक्स मुख्य बॉक्स उठायच्या आत त्याला शोधून हार मानतात.

रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणारी पद्धत या बऱ्याच कटकटी टाळते: बॉक्स बदलला तरी रेकॉर्डिंग राहतं, ट्यूनर मोजावे लागत नाहीत. अमेरिकेत केबलव्हिजन कंपनीच्या अशा सेवेवर खटला झाला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या सेवेत प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र नक्कल ठेवली जात होती, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा होता. म्हणून अशा सेवांमध्ये तुम्ही लावलं नव्हतं ते मागाहून मिळत नाही. घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: रेकॉर्डिंग किती दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि जाहिराती पुढे पळवता येतात का.

बॉक्स खरंच बदलायचा असेल तर

डिस्कचाच दोष निघाला तर नवा बॉक्स मागावा, पण एक-दोन दिवसांची मुदत घ्यावी. जुना बॉक्स चालतो आहे तोवर महत्त्वाची रेकॉर्डिंग पाहून घ्यावीत. मालिकांच्या यादीचे फोटो काढावेत: नाव, चॅनल, प्राधान्याचा क्रम, जादा मिनिटं, किती भाग ठेवायचे. काही कंपन्या ही यादी आपल्याकडे जपतात, काहींची ती बॉक्समध्येच असते. नवा बॉक्स जोडताना तंत्रज्ञ समोर असतानाच निदान पडद्यावरचे आकडे पाहावेत आणि दूरच्या खोलीतल्या बॉक्सचा मोका वेग तपासायला सांगावा. नव्या बॉक्समध्ये पूर्ण वेळापत्रक भरायला एक दिवसही लागू शकतो. तोवर मालिका लावल्या तर पुढचे भाग सापडत नाहीत आणि यादी रिकामी दिसते. म्हणून पहिल्या दिवशी लागेल ते वार-वेळेनुसार लावावं आणि मालिका दुसऱ्या दिवशी, फोटोतल्या क्रमाने.